काकूची चूल आणि भाच्याचं विमान

आज सकाळी पुण्याच्या भाच्याने मोठ्या कौतुकाने स्क्रीनशॉट पाठवला. कामासाठी जर्मनीला चाललाय. तिकीट काढताना कुठल्याशा परदेशी संस्थेला थोडे पैसे दिले आणि त्याच्या प्रवासाचा कार्बन म्हणे भरून निघाला. सोबत फोटो, डोक्यावर पदर घेऊन फुंकणीने चूल फुंकणारी बाई. खाली ओळ: तुम्ही एका ग्रामीण महिलेचं आयुष्य बदललंत.

डोकंच सणकलं.

कारण अशी एक 'आयुष्य बदललेली' महिला आमच्या घरात आहे. माझी काकू, मुक्काम आर्णी तालुका, जिल्हा यवतमाळ. तिलाही कोण्या एका संस्थेने चूल दिली. लोखंडी, देखणी. मंडप, बॅनर, फोटो, सगळं झालं. चुलीच्या अंगाला काडेपेटीएवढी डबी चिकटवलेली, चूल किती वेळ तापली याची नोंद ठेवणारी. काकूने संस्थेच्या पोराला विचारलं, "काहून रे बापा, चोर पकडाले लावलं काय हे?"

हिशेब साधा आहे. जळण कमी लागलं तेवढा कार्बन वाचला. एक टन वाचला की एक क्रेडिट, ते विकायचं, आणि घेणारा विमानात बसायला मोकळा. ठीक आहे, पैसा कुठून तरी यायलाच पाहिजे. पण चूल बनवणाऱ्याने आमची पऱ्हाटी पाहिली होती का? कापूस संपला की उपटायची, भारे रचून ठेवायचे आणि अख्खी काडी चुलीत सारत जायची. या चुलीचं तोंड एवढंसं. तिला बोटभर तुकडे लागतात. ते तोडत कोण बसणार, दिवसभर वेचणी करून दिवेलागणीला घरी आलेली बाई? त्यात ज्वारीची भाकर. जाळ मधोमध, कडा कच्च्या.

तरी काकूने वापरली. चहाला, दुधाला. मग आतली जाळी जळून गळाली. चुलीवर छापलेला नंबर लागत नाही. चूल आता कोठ्यात पडली आहे, कोंबडी त्यात अंडी घालते. कोणाच्या तरी वहीत ती अजून पेटलेली असली तरी मला नवल वाटणार नाही.

धूर वाईट, मान्य. काकूचा खोकला लहानपणापासून ऐकतोय. घरात उज्ज्वलाचा सिलिंडरही आहे, पाहुण्यांच्या चहापुरता. भरून आणायला पैसे लागतात ना.

संस्थेच्या त्या पोरावर मात्र राग नाही. दारव्ह्याकडचा, समाजकार्य शिकलेला, स्वतःच्या मोटरसायकलवर गावोगाव फिरायचा. ओसरीत बसून भाकर-ठेचा खायचा आणि म्हणायचा, "काकू, रोज पेटवत जा फक्त, मले वरते आकडा द्या लागते." आता तोही येत नाही. प्रोजेक्ट संपला असेल.

राग याचा आहे की पाप कोणाचं आणि उपास कोणी धरायचा! २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देश म्हणाले, हवामान बदलाशी झुंजायला २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. आकडा गाठायला २०२२ उजाडलं. २०२३ च्या जुलैत आमच्याच जिल्ह्यात महागावकडच्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, त्या लोकांनी किती विमानं उडवली होती? आणि हिशेबाची डबी कोणाच्या चुलीला? काकूच्या!

सगळ्याच संस्था तशा नसतात, हेही लिहितो, नाहीतर वर्ध्याचे संस्थावाले मित्र भांडायला येतील. आणि गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहा. २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ पासून गाव आपला बांबू आपण विकू लागलं. जंगल गावाचं, पैसा गावाचा, मग राखायला बाहेरचा माणूस कशाला लागतो? सुधारित चुली तर सरकारनेही १९८३ पासून वाटल्या होत्या. त्यातल्या किती आज कोणाच्या घरात पेटतात, विचारा आपापल्या आईला.

भाच्याला एवढंच लिहिलं की पैसे दे बाबा, पण देताना विचार, बिघडल्यावर दुरुस्त कोण करतं.

बाकी, अशा चुलीची आतली जाळी सुटी कुठे मिळते, कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. गावातला वेल्डिंगवाला बसवून द्यायला तयार आहे. तोंडही जरा मोठं करून देतो म्हणतोय.