दह्याऐवजी वही

रविवारी डोक्यावरून अंघोळ केली आणि उजव्या कानाला बूच बसलं. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा, बाकी जगाचा शेजारच्या गल्लीतून. चिवडा खायला घेतला तर डोक्यात खडी फोडायचं मशीन सुरू. संध्याकाळी बायकोने दही आणायला पाठवलं आणि मी दोनशे पानी वही घेऊन आलो. तीही चौकटीची.

आई लगेच खोबरेलात लसूण कडवायला निघाली. तिला कसंबसं थोपवून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. दिवा लावून कानात डोकावल्या. "काका, कानात काय घालता?"

"काही नाही."

त्या गप्प राहिल्या.

"कधीतरी बड," मी म्हणालो. अजून शांतता. "आणि स्कूटरची किल्ली."

आता काय सांगायचं! सिग्नलवर १२० आकडा दिसला की मी स्कूटर बंद करतो आणि किल्ली कानात. डोळे आपसूक मिटतात, तोंड जरा उघडं पडतं. समाधी म्हणतात ती याहून वेगळी नसावी.

"अहो, कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मळ तयार होतो तो बाहेरच्या भागात. तुम्ही तो आत ठासलात," बाई म्हणाल्या. "काल पाणी गेलं, तो फुगला." एरवी हा मळ धूळ, किडे अडवतो म्हणे. आणि कानातली कातडीच पडद्याकडून बाहेर सरकत असते, साधारण नखं वाढतात त्या गतीने, मळाला सोबत घेऊन. बोलताना, चावताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते.

"मग यांच्या कानात मळ साठायलाच नको होता," बायको म्हणाली.

पडद्याला भोक नाही हे बघून बाईंनी मळ मऊ करायचे थेंब दिले. पाच दिवस. थेंबांनी कान आधी जास्तच बंद झाला (हे त्यांनी सांगितलं होतं, पण मी त्यांच्या चुकीच्या बाजूला बसलो होतो). सहाव्या दिवशी त्यांनी कोमट पाण्याने कान धुतला. अगदी अंगाइतकं कोमट. गार पाण्याने खोली गरगरते. या गरगरण्याचा छडा लावणाऱ्या रॉबर्ट बारानींना १९१४ चं नोबेल मिळालं. मला नुसता खोकला आला. घशाकडे जाणाऱ्या मज्जातंतूची एक फांदी कानातही असते, त्याचा हा प्रताप.

मग ट्रेमध्ये टपकन काहीतरी पडलं. काळपट, मनुकेएवढं. मला उगाच अभिमान वाटला. बायकोला दाखवायला गेलो, तिने मान फिरवली.

परतताना सिग्नल. ९०. हात किल्लीकडे गेला, तसाच मागे आणला. शेजारच्या रिक्षावाल्याने खिशातून काडेपेटी काढली, एक काडी निवडून घेतली आणि डोळे मिटले. मी त्याच्याकडे बघत राहिलो. हिरवा कधी झाला कळलंच नाही. मागचे हॉर्न मात्र दोन्ही कानांनी ऐकू आले.