“खडीवर सायकल हा पैसेवाल्यांचा चोचला”: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, आधी एवढी सविस्तर प्रतिक्रिया टाइप केलीत त्याबद्दल थँक्स, नाहीतर लोक दोन इमोजी टाकतात आणि सटकतात. ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ताईकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा हॅम्पशायरमधल्या क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्कच्या जंगलात खडीच्या रस्त्यांवर सायकल चालवली, एकही गाडी आडवी आली नाही, आणि शेवटी मी म्हटलं की असं काहीतरी आपल्या नाशकातही व्हायला पाहिजे. त्यावर दादांचं म्हणणं असं की एक तर हा लाख रुपयांची ग्रॅव्हल बाइक (खडीच्या रस्त्यांसाठीची खास सायकल) घेणाऱ्यांचा चोचला आहे, दुसरं म्हणजे ज्या गावातले महाजन बंधू हायवेवर घाम गाळून ‘रॅम’ (अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत) करून आले त्या गावाला गाड्यांपासून लपून बागेत सायकल चालवायची गरजच काय, आणि तिसरं, जंगल सायकलवाल्यांना उघडलं की पाठोपाठ वेफर्सची पाकिटं आणि ब्लूटूथ स्पीकर येणारच. तिसरा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. पहिल्या दोन्हींवर मात्र भांडणार.

महाजन बंधूंचं आधी. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ साली दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, जवळपास ४८०० किलोमीटर, असं करणारी ती पहिली भारतीय टीम, आणि त्यानंतर नाशकात सायकलींची जी लाट आली तिच्यातच मीही वाहत आलो, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला कोणी शिकवायला नको. पण दादा, ते दोघे हायवेवर चालवू शकले म्हणून माझ्या बायकोने पण चालवावी हे कुठलं लॉजिक? तिला सायकल येते, आवडते, आणि त्र्यंबक रोडला शेजारून डंपर गेला की हँडल थरथरतं म्हणून तिने सोडून दिली. आता २०२७ च्या कुंभाची कामं चाललीत, डंपर काही कमी होणार नाहीयेत. शाळेतली पोरं, पन्नाशीनंतर डॉक्टरांनी ‘सायकल चालवा’ सांगितलेले काका, नुकतीच बॅलन्स जमलेली एखादी काकू, ह्यांनी कुठे जायचं? गल्लीत चकरा मारायच्या? जे आधीच रस्त्यावर आहेत त्यांच्यासाठी मी लिहिलंच नव्हतं.

आता लाखाची बाइक. त्या पार्कात बायकोने जी चालवली ती ताईची जुनी हायब्रिड (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारी साधी सायकल) होती, गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली. आम्ही फक्त हवा कमी केली. खडीवर टायर दगडासारखा टणक असला की प्रत्येक गोट्यावर सायकल उडते आणि मागचं चाक चढावर नुसतंच फिरतं, तेच ४० मिलीमीटर रुंदीच्या आसपासचा टायर ४० पीएसआय हवेच्या दाबाच्या जवळपास ठेवला (वजन जास्त असेल तर थोडा वर) की तो खडीला धरून चालतो. चढावर सीटवरून उठायचं नाही, वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, झालं, एवढंच ते ग्रॅव्हलचं शास्त्र. आपल्याकडची कुठलीही जुनी एमटीबी (माउंटन बाइक) हे करते. आणि तुम्हीच लिहिलंय ना की तुमचे वडील गिरणाऱ्याहून दुधाचे कॅन अडकवून अ‍ॅटलासवर मुरमाच्या रस्त्याने शहरात यायचे? मग चोचला कसा झाला तो? फरक एवढाच की तेव्हा त्या रस्त्याला एखादी एसटी आणि बैलगाड्या सोडल्या तर होतं कोण. तुमच्या वडलांना जो मोकळा रस्ता फुकटात मिळाला तो आता मुद्दाम राखून ठेवल्याशिवाय मिळत नाही, माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे.

आणि ‘तिकडे सगळं छान असतं, त्यांच्याकडे पैसा आहे’ हे जे तुम्ही म्हणता ना, तिथे जरा थांबा. ते जंगल काही ऋषीमुनींच्या काळातलं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची टंचाई जाणवली म्हणून १९१९ मध्ये त्यांनी फॉरेस्ट्री कमिशन काढलं आणि देशभर झाडं लावली, कशासाठी तर कापायला. लाकडाचे ट्रक आत जायला पाहिजेत म्हणून फोडलेल्या दगडाचे रस्ते केले, मधे उंच दोन्हीकडे उतार, कडेला पाण्याचे चर. सायकलवाल्यांचा तेव्हा कोणी विचारही केला नव्हता! पुढे १९६८ चा कंट्रीसाइड कायदा आला, त्यात कंट्री पार्कची तरतूद झाली आणि त्याच कायद्यात घोडेवाटांवर सायकल चालवायचा हक्कही दिला, अट एकच, पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी जाऊ द्यायचं. म्हणून तर साउथ डाउन्स वे नावाची १६० किलोमीटरची वाट त्या पार्कातून जाते आणि अख्खी सायकलने करता येते. म्हणजे रस्ता जुनाच, त्यावर एक आडवा लोखंडी दांडा टाकला, गाडी बाहेर, माणूस आणि सायकल बाजूच्या फटीतून आत. दांड्याला किती पैसा लागतो?

शांततेचं पण फार मनावर घेऊ नका. पार्काला अगदी चिकटून ए३ नावाचा लंडन-पोर्ट्समथ हायवे जातो, त्याचा आवाज झाडीत बऱ्यापैकी आतपर्यंत येतो. आपली पांडवलेणीची टेकडी आणि मुंबई-आग्रा हायवे, सेम केस. (आग्रा रोडचा जुना नंबरही तीनच होता, घ्या.) आणि तिकडची जमीन चुनखडीची, पाऊस पडला की पांढरा साबण होतो नुसता, वर त्यात गारगोटीचे धारदार तुकडे, टायर चिरतात. आपला मुरूम त्याच्यापेक्षा कितीतरी गुणी आहे, निदान ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

आता तुमचा तिसरा मुद्दा, जो खरा आहे. जंगलात नवीन वाट पाडायला माझा साफ विरोध आहे, एमटीबीवाली पोरं उतारावर शॉर्टकट मारतात, गवताची मुळं सुटतात, पहिल्याच पावसात तिथे घळ पडते आणि पुढच्या वर्षी तो ओढा झालेला असतो. म्हणून मी म्हणतोय ते फक्त जे रस्ते आधीच आहेत त्यांच्याबद्दल, पाटाच्या कडेचे सर्व्हिस रस्ते, वनखात्याच्या जीपचे कच्चे रस्ते, वणव्यासाठी काढलेल्या जाळरेषा. राखीव वनात विनापरवाना घुसणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा परवानगी, वेळ, कुठला रस्ता, हे सगळं वनखात्याने ठरवायचं आणि आपण पाळायचं. पावसाचे चार महिने पूर्ण बंद, कारण ओल्या मुरमात चाकोऱ्या पडतात, आणि काळ्या मातीत तर सायकल आपल्याला नेत नाही, आपण तिला खांद्यावर घेऊन चालतो. अंधार पडायच्या आत बाहेर, बिबट्याचं वेगळं सांगायला नको. आणि अंजनेरीच्या डोंगराचं नाव कमेंटमध्ये अजून दोघांनी सुचवलंय, तिथे नको म्हणजे नकोच, त्या पठारावर जे कंदीलपुष्प फुलतं त्याला नावच अंजनेरीचं दिलंय, तिथे चाकं कशाला न्यायची. पांडवलेणीजवळच्या नेहरू वनोद्यानासारखी जागा, जिथे लोक आधीच फिरायला जातात, तिथून सुरुवात होऊ शकते.

वेफर्सच्या पाकिटांवर माझ्याकडे जादू नाहीये. पण मी बघितलंय त्यावरून सांगतो, कचरा जिथपर्यंत गाडी पोचते तिथपर्यंत जास्त असतो, दोन किलोमीटर पेडल मारून आत पाकीट टाकायला जाणारा माणूस विरळा. स्पीकरवाले मात्र जातात, त्यांचं काय करायचं ते वनरक्षकांवर सोडू.

राहता राहिला तुमचा तो टोमणा की तिकडचे लोक सायकल कारच्या टपावर बांधूनच पार्कात येतात. येतात, अगदी खरंय, पार्किंग फुल्ल असतं आणि पैसे भरून असतं. गाडीपासून लांब जायला गाडीनेच यायचं, हे त्यांना इतक्या वर्षांत सुटलेलं नाही. आपली पांडवलेणी निदान शहरातच आहे, सायकलने थेट जाता येतं असं मी ठणकावून लिहिणार होतो, पण मी राहतो आडगाव नाक्याला, मधे द्वारका (मुंबई-आग्रा हायवेवरचा मोठा चौक) ओलांडावी लागते. तुम्हाला संध्याकाळी सहाला ती सायकलवर ओलांडता येत असेल तर कशी ते खाली लिहा, मी खरंच विचारतोय.