डाग अस्सल आहे ना?

जुनं मनगटी घड्याळ घ्यायचं म्हटलं की आधी स्वतःची सौंदर्यदृष्टी उलटी टांगून ठेवावी लागते. तबकडी पांढरीशुभ्र, अक्षरं काळीभोर दिसली की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. तीच पिवळट, कडेला डागाळलेली असली की जाणकार 'वा!' म्हणतात. त्या डागाळण्याला पॅटिना म्हणायचं. माझ्या चेहऱ्यालाही ती बऱ्यापैकी आली आहे, पण कुणी अजून 'वा' म्हटलेलं नाही.

तबकडीचं एवढं कौतुक का, तर सगळी किंमत तिच्यात. रोलेक्सच्या डेटोना नावाच्या घड्याळाची एक वेगळ्या नक्षीची तबकडी त्या काळी फारशी कुणाला आवडत नव्हती. पुढे पॉल न्यूमन या नटाच्या मनगटावर ती दिसली आणि त्याचं स्वतःचं घड्याळ 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं. मग तसल्या तबकड्या छापणारे निघाले नसते तरच नवल!

विक्रेत्यांची वाक्यं ठरलेली. "आजोबांचं आहे, कपाटातच पडून होतं." जगातल्या आजोबांनी घड्याळं हातात घातली तरी कधी? "मला यातलं काही कळत नाही," असं म्हणणाऱ्याला तर सगळ्यात जास्त कळतं. मी ज्यांच्याकडे गेलो ते गृहस्थ दोन्ही वाक्यं बोलले. ओमेगा होतं, साठच्या दशकातलं. झाकण उघडून दाखवता का, असं विचारलं तर म्हणाले, "हत्यार नाही हो आपल्याकडे." झाकणाच्या कडेला मात्र हत्यार घसरल्याचे इतके ओरखडे, की आजोबा रोज झाकण उघडून वेळ बघत असावेत.

मी दहापटीचं भिंग डोळ्याला लावलं. तबकडी नव्याने रंगवलेली असली की अक्षरांच्या कडा फुगतात, मिनिटांच्या रेघा एकमेकींपासून फटकून उभ्या राहतात, आणि तळाचं 'स्विस मेड' एकतर गायब होतं नाहीतर कडेखाली निम्मं दडतं. इथे रेघा सरळ होत्या. 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक 'टी'ही होता. हा टी ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा. साठच्या दशकात रेडियम मागे पडलं आणि अंधारात चमकायला हे आलं. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे जोर निम्म्यावर यायला लागणारा काळ, सोळाशे वर्षांचं, ट्रिटियमचं जेमतेम 12. म्हणजे इतक्या वर्षांनी त्यात दम उरता कामा नये. उरला असेल, तर कुणीतरी नवा रंग भरलाय.

"जरा दिवे घालवता का?" मी म्हणालो.

गृहस्थांनी घाबरत घाबरत घालवले. दोन अनोळखी प्रौढ माणसं मिट्ट काळोखात एका घड्याळावर डोकी टेकवून उभी. मिनिटभराने मी आनंदाने ओरडलो, "चमकत नाहीये!"

"माफ करा हं," अंधारातून आवाज आला. "रंगवून देऊ का?"

"हात लावू नका!" मी असा किंचाळलो की आतून त्यांच्या सौभाग्यवतींनी येऊन दिवाच लावला.

पुढची वारी घड्याळजीकडे. ओमेगाचा, घड्याळाचं साल सांगणारा क्रमांक आत मशीनवर कोरलेला असतो. रोलेक्सचा जुन्या घड्याळांत पट्ट्याखाली लपलेला. सेइको या जपानी कंपनीचा झाकणावर असतो, पण पहिला आकडा वर्षाचा फक्त शेवटचा अंक सांगतो. सहा म्हणजे 66 की 76, ते आपल्या आपण ठरवायचं. हे सगळं बघायचं कारण एकच, सरमिसळ. बाहेरची डबी एकाची, मशीन दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे. प्रत्येक भाग ओरिजिनल, फक्त एकमेकांचा नाही. विकणाऱ्याने "सगळं ओरिजिनल" म्हटलं तर ते खोटंही ठरत नाही, हा त्यातला खरा छळ.

घड्याळजींनी झाकण काढलं. क्रमांक साठच्या दशकातलाच निघाला. काटे मिनिटांच्या रेघेला बरोबर टेकत होते, त्यांच्यातला रंगही तबकडीइतकाच काळवंडलेला. पट्टा अडकवायच्या कानांच्या धारा शाबूत होत्या. अती पॉलिश करून त्यांचा साबण झालेला नव्हता. "काही खोट नाही," घड्याळजी म्हणाले. मी हिरमुसलो. खोट नाही म्हणजे घासाघीस कशावर करायची?

शेवटी नजर पट्ट्यावर गेली. साठ वर्षांपूर्वीचं चामडं कुठल्याच घड्याळावर टिकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही शक्य तितकं गंभीर तोंड करून म्हणालो, "पट्टा काही ओरिजिनल नाही हो."

गृहस्थांनी शांतपणे पिना काढल्या, पट्टा खिशात घातला आणि उरलेलं घड्याळ माझ्या हातावर ठेवलं. "आता सगळं ओरिजिनल आहे," ते म्हणाले. "किंमत तीच."