'पांढरे सैनिक' आणि भाऊजींची रद्द झालेली बायोप्सी

रविवारी पोहे-जिलबी पुढ्यात असताना ताईचा फोन आला. भाऊजींनी मंगळवारची बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणं, रद्द केली. गालातली जखम दोन महिने भरत नाहीये, आणि कारण काय, तर नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मेसेज! शरीरातले 'पांढरे सैनिक', म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणे तोंडाचा कॅन्सर खाऊन टाकतात. 90 दिवस गुळवेल-हळदीचा काढा घ्या, सुई लावू देऊ नका, किमो सैनिकांना मारते, आणि गाल सुजला तर आनंद माना, सैनिक जमलेत. इंदुरात राजवाड्यापासून रामबागेपर्यंत फिरतोय तो. मला तिघांनी पाठवला.

आधी सूज, कारण सगळ्यांत घातक तेच. मी लॅबमध्ये स्लाइड रंगवतो. तोंडाच्या कॅन्सरचा तुकडा भिंगाखाली घ्या, गाठीच्या कडेला पांढऱ्या पेशींची गर्दी बहुतेक वेळा दिसतेच. म्हणजे सैनिक केव्हाच आलेत, तरी गाठ वाढतेच आहे. कारण गाठ त्यांना फितवते. जंतू गिळणारी म्हणून शाळेत शिकलो ती मॅक्रोफेज पेशी गाठीतल्या रसायनांमुळे बाजू बदलते. गाठीला रक्तपुरवठा मिळावा म्हणून नव्या रक्तवाहिन्या उभ्या करायला मदत करते आणि कॅन्सरवर हल्ला करणाऱ्या टी पेशींना गप्प बसवते. न्यूट्रोफिल ही दुसरी एक पांढरी पेशी, तेही धुतल्या तांदळाचे नाहीत. रक्तात लिम्फोसाइटच्या (टी पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशींच्या) मानाने ते फार वाढलेले असले, तर अशा रुग्णांचं पुढचं चित्र सहसा वाईट असतं. मग सैनिक वाढवायचे ते कुणाच्या बाजूचे? आणि जबड्याखाली आलेली सूज म्हणजे कॅन्सर मानेतल्या लिम्फ ग्रंथींत पोचल्याची खूणही असू शकते. त्यावर पेढे वाटायचे?

सुईने कॅन्सर पसरतो, हे तर जुनंच भूत. तोंडातली बायोप्सी केल्याने रुग्णाचं आयुष्य घटतं, याला भरवशाचा पुरावा नाही. उलट भाऊजींची जखम टोकदार दाढ घासून झालेली निघाली, तर तेही बायोप्सीच सांगेल.

किमोचं मात्र निम्मं खरं आहे, मान्य. पांढऱ्या पेशी घटतात, ताप आला तर धावपळ होते. म्हणूनच तर दर वेळी रक्त तपासतात. बहुतेकदा काही आठवड्यांत त्या परत भरतात. उपचार टाळले तर गाठ मात्र थांबत नाही.

प्रतिकारशक्तीचा उपयोग होत नाही असंही मी म्हणत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेचा कॅन्सर बराच पुढे गेलेल्या 151 रुग्णांवर चाचणी केली. नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारं औषध, दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण 16 टक्क्यांवरून 43 वर गेलं. पण हे औषध सैनिक 'वाढवत' नाही, टी पेशींना लागलेला ब्रेक सोडवतं. शिवाय 43 म्हणजे निम्म्याहून जास्त लोक वर्षाच्या आत गेले. त्या टप्प्यापर्यंत थांबायचंच कशाला?

गुळवेलीवर वाद घालत नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी त्यातून यकृत बिघडल्याच्या केसेस मांडल्या, आयुष मंत्रालयाने ते नाकारलं. मेसेजच्या शेवटी 'नुसती सुपारी चालते' असंही आहे. सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2004 मध्येच कॅन्सरकारक ठरवलंय. भाऊजींच्या खिशातल्या डबीत दुसरं काय असतं?

गुरुवारची तारीख मिळाली आहे. स्कूटरवर मागे बसवून मीच नेणार. तुकडा मात्र दुसऱ्या लॅबला पाठवायला सांगितलाय. तो मला रंगवायचा नाही.