सीडीएस म्हणजे सरसेनापती नव्हेत

सैन्याची काही बातमी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सीडीएस, म्हणजे ‘चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ’, या लष्करी पदाबद्दल एक मजकूर हमखास उगवतो. तो साधारण असा: ‘सीडीएस म्हणजे देशाचे सरसेनापती. तिन्ही दलांचे प्रमुख त्यांच्या हाताखाली. युद्ध कधी करायचं ते तेच ठरवतात, अणुबॉम्बचं बटण त्यांच्याकडे. मंत्रालयातल्या बाबूंची सद्दी आता संपली. १९७१ साली माणेकशांकडे हेच पद होतं म्हणून जिंकलो.’ खाली तिरंगे आणि जोडलेले हात. भावना समजते, पण यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही.

‘सरसेनापती’ या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथे आहे. शब्द आपल्या घरचा. हंबीरराव मोहिते अष्टप्रधानांत बसून सल्ला देत आणि रणात फौजही चालवत. सल्ला आणि हुकूम एकाच माणसाकडे. सीडीएस पदाची घडण याच्या उलट आहे. २४ डिसेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने हे पद मंजूर केलं तेव्हाच सरकारने स्पष्ट केलं होतं की, सीडीएस कोणतीही लष्करी कमान सांभाळणार नाहीत, तिन्ही दलप्रमुखांवरही त्यांचा हुकूम चालणार नाही. कारणही दिलं होतं: राजकीय नेतृत्वाला निःपक्षपाती सल्ला देता यावा म्हणून. म्हणजे ज्या अधिकारासाठी आपण त्यांना सलाम ठोकतोय, तो त्यांना मुद्दाम दिलेला नाही.

यात शहाणपण आहे असं मला वाटतं. ज्याच्या हाताखाली फौज असते तो त्या फौजेसाठी भांडतो, आणि भांडलंच पाहिजे. नौदल जहाजं मागणार, हवाई दल विमानं, भूदल तोफा. तिजोरी मात्र एकच. आधी काय घ्यायचं हे मंत्र्याला सांगायला कुठल्याच एका दलाची टोपी न घातलेला सैनिक लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये पहिले सीडीएस जनरल बिपिन रावत यांनी तिसऱ्या विमानवाहू नौकेपेक्षा पाणबुड्यांना प्राधान्य असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल करमबीर सिंग यांनी विमानवाहू नौका हवीच, असं तितकंच जाहीरपणे म्हटलं. हाताखालचा माणूस असं बोलला असता का? दोघेही चार तारे लावणारे, पगार सारखा, सरकारी मानक्रमातही एकाच, १२व्या पायरीवर. सीडीएस हे संरक्षणमंत्र्यांचे प्रमुख लष्करी सल्लागार आहेत, पण तिन्ही दलांशी मिळून असलेल्या विषयांवर. आपापल्या दलापुरता सल्ला दलप्रमुख मंत्र्यांना थेटच देतात.

अर्थात ‘नुसते सल्लागार’ म्हणणंही चुकेल. सायबर आणि अवकाश या क्षेत्रांतल्या तिन्ही दलांच्या सामायिक संस्था सीडीएसच्याच कमानीखाली ठेवल्या आहेत. जून २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी त्यांना तिन्ही दलांना लागू होतील असे संयुक्त आदेश काढण्याचा अधिकारही दिला. त्याआधी असा आदेश प्रत्येक दल आपापला वेगळा काढत असे. पण हा अधिकार कागद एकाच हातून निघावा म्हणून आहे, रणगाडे हलवण्यासाठी नव्हे.

युद्ध आणि बटण यांचं लवकर उरकतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २९ एप्रिल २०२५ रोजी पंतप्रधानांनी बैठक घेतली. संरक्षणमंत्री, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, सीडीएस आणि तिन्ही दलप्रमुख हजर होते. प्रत्युत्तर कसं, कुठे आणि कधी द्यायचं याची मोकळीक सैन्याला दिल्याच्या बातम्या त्यानंतर आल्या. मोकळीक देणारं कोण होतं, एवढंच बघा. अण्वस्त्रांचं तर २००३ सालीच जाहीर झालेलं आहे: वापराची परवानगी फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषद देऊ शकते. सीडीएस त्या व्यवस्थेचे लष्करी सल्लागार. पुन्हा सल्लागारच.

बाबूंचा मुद्दा गमतीचा आहे, कारण सीडीएस स्वतःच सचिव आहेत! या पदासोबत संरक्षण मंत्रालयात ‘लष्करी व्यवहार विभाग’ नावाचा नवा विभाग काढला आणि सीडीएसना त्याचं सचिव केलं. मंत्रालयात फाइलवर सही करणारा गणवेशातला माणूस आला, हा बदल खरा आणि मोठा आहे. पण संरक्षण सचिव कुठेही गेलेले नाहीत. संरक्षण धोरण आणि विमानं, युद्धनौका, तोफा यांच्यासारख्या मोठ्या भांडवली खरेद्या त्यांच्याच विभागाकडे आहेत. मानक्रमात ते २३व्या पायरीवर, सीडीएसच्या बऱ्याच खाली. मात्र भांडवली खरेदीची फाइल मानक्रम बघून फिरत नाही.

१९७१ साली सीडीएस हे पदच नव्हतं. माणेकशा भूदलप्रमुख होते आणि तिघांत ज्येष्ठ म्हणून दलप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष. हवाई दल एअर चीफ मार्शल पी. सी. लाल चालवत होते, नौदल अ‍ॅडमिरल नंदा. कराचीवर क्षेपणास्त्र नौका धाडणारं नौदल होतं, माणेकशांचं कार्यालय नव्हे. सगळं श्रेय एका मिशांच्या नावावर लिहिणं उरलेल्या दोघांवर अन्याय आहे. आताच्या पदाचा धागा कारगिलनंतर सुरू होतो: २००१ साली मंत्रिगटाची शिफारस, २०१६ साली लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीची, आणि १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा.

मजकुरात नसलेली एक गोष्ट मात्र ग्रुपवर सांगायला हवी. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर कोसळून जनरल रावत गेले. त्यानंतर नऊ महिन्यांहून अधिक काळ ही खुर्ची रिकामी होती, तीही चीन सीमेवर दोन्ही फौजा समोरासमोर असताना. पुण्याचे जनरल मनोज नरवणे एप्रिल २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत भूदल सांभाळून, जुन्या पद्धतीने, दलप्रमुखांच्या समितीचं अध्यक्षपद बघत होते. सल्ल्याची आणि मंत्रालयातल्या कामाची गैरसोय झाली असेल. हुकमाची साखळी कुठे तुटली नाही, कारण ती या खुर्चीतून जातच नव्हती. जून २०२२ मध्ये सरकारने नियम बदलून ६२ वर्षांखालच्या निवृत्त लेफ्टनंट जनरलनाही वाट मोकळी केली, आणि ३० सप्टेंबरला जनरल अनिल चौहान यांनी सूत्रं हाती घेतली. ते मे २०२१ मध्येच निवृत्त झाले होते.