भाजीत पावडर कालवण्याआधी

‘दारू सोडवायला मीटिंग-बिटिंगच्या नादी लागू नका’ अशा सुरुवातीचा एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., या दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या संघटनेच्या मीटिंगा इंग्रजी बोलणाऱ्या शहरी लोकांच्या. त्या चर्चमध्ये भरतात, म्हणजे धर्मप्रसार. गेलं की गावभर बोभाटा. शंभरातले पाचच सुटतात. आणि आधी दारू सोडल्याशिवाय आत घेत नाहीत. मग तोडगा येतो: अमुक पावडर, माणसाला न सांगता भाजीत टाका. खाली मोबाइल नंबर. वरचे सगळे मुद्दे तुम्हाला त्या नंबरापर्यंत आणण्यासाठीच रचलेत, असं माझं मत. तरी एकेक बघू.

भाषेचा मुद्दा सगळ्यात पोकळ. ए.ए. भारतात १९५७ पासून आहे. महाराष्ट्रात मराठीत आणि हिंदीत मीटिंगा चालतात, गोव्यात कोकणीतही. शोधायची रीत सोपी आहे. ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवर विभागवार यादी आणि हेल्पलाइनचे नंबर आहेत. पण यादीत वार-वेळ दिसली म्हणून थेट जाऊन उभं राहू नका. जागा बदलते, वेळ बदलते, एखादा ग्रुप बंदही पडलेला असतो. आधी फोन करा. फोन बहुधा असा माणूस उचलतो जो स्वतः प्यायचा. तो उपदेश करत नाही. ‘आज घेतलीय का? असू दे. सात वाजता या, मी गेटपाशी थांबतो,’ अशा धाटणीचं बोलणं असतं. शक्यतो हा फोन पिणाऱ्यानेच करावा. मेहुण्याने पत्ता काढायचा, भावाने गाडीत घालून न्यायचं आणि बायकोने बाहेर पहारा द्यायचा, असं केलं की माणूस शरीराने आत आणि मनाने गुत्त्यावर.

तो फोन करतच नसेल, तर घरच्यांनी वाट बघत बसायची गरज नाही. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन नावाची वेगळी संघटना १९५१ पासून आहे. तिथे जायला नवऱ्याची संमती लागत नाही. ए.ए.च्या ‘ओपन’ मीटिंगलाही घरच्यांना बसता येतं; ‘क्लोज्ड’ मात्र फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांची. फोनवर हेही विचारून घ्या.

आता चर्च. हो, मुंबईत आणि गोव्यात बऱ्याच मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये होतात. शाळांच्या वर्गांतही होतात. पन्नाशीचे बाप्ये चौथीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले दिसतात. संध्याकाळी रिकामी आणि स्वस्तात मिळणारी जागा हवी असते, एवढंच त्यामागचं गणित. ए.ए. बाहेरच्या कुणाकडूनही देणगी घेत नाही. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, सभासद जमेल ते टाकतात, नवख्याने काही टाकावं अशी अपेक्षा नसते. देवाचं नाव निघतं का? निघतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण ए.ए.च्या बारा पायऱ्यांतच, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या कार्यक्रमातच, ‘आम्हाला जसा उमजला तसा’ देव, अशी सूट आहे. विठ्ठल चालतो, निसर्ग चालतो, समोर बसलेला ग्रुपही चालतो. तेवढंही ज्यांना खटकतं त्यांनी दुसरा गट शोधावा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. त्यांच्याकडे आणि इतर केंद्रांतही उपचारानंतर पाठपुराव्याच्या सभा होतात.

बोभाटा? मीटिंगमध्ये आडनाव विचारत नाहीत, हजेरीपट नसतो. छोट्या गावात चेहरा ओळखला जाणार, हे मात्र खरं. त्याला शेजारच्या तालुक्याची किंवा ऑनलाइन मीटिंग हा उपाय आहे. बायकांसाठी वेगळ्या ऑनलाइन मीटिंगाही असतात. बाकी, ज्या गल्लीने चारदा उचलून घरी आणलंय, तिच्यापासून लपवायचं काय उरलंय?

‘शंभरातले पाच’ हा आकडा बिनबुडाचा फिरतो. २०२० साली वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, म्हणजे १० हजारांवर माणसं, एकत्र तपासली. ज्यांना पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून दिलं, त्यांतले १०० पैकी ४२ वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त होते. इतर मानसोपचार घेतलेल्यांत ३५. हे अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले, आणि ४२ म्हणजे १०० नव्हे. निम्म्याहून जास्त लोक घसरले. पण पाच कुठे आणि बेचाळीस कुठे!

‘आधी सोडा, मग या’ हे तर उलटं आणि धोक्याचं. ए.ए.ची सभासदत्वाची अट एकच: दारू सोडायची इच्छा. आणि वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर थरथर, फिट, नसलेली माणसं दिसणं असं होऊ शकतं. पहिले तीन-चार दिवस जिवावरही बेततं. अशा माणसाला आधी डॉक्टर, सोबत मीटिंग. कुठे न्यायचं कळत नसेल तर सरकारची १४४४६ ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

राहिली पावडर. तिच्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम असेल, तर ते डॉक्टर वापरतात ते खरंखुरं औषध आहे, पण रुग्णाला सगळं समजावून, तपासण्या करून. त्यावर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस जाऊ शकतो. शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. आपल्या भाजीत काय होतं हे माहीत नसलेला माणूस नेहमीसारखाच पिणार. डबी आधीच आणली असेल तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि किती चमचे, किती दिवस घातले ते खरं सांगा.