ओटीपी कुणाला सांगू नका, बरं आता ओटीपी सांगा

आज डोकं सटकलेलं आहे, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाईत असाल तर पुढे सरका, राग नाही.

जेल रोडला मावशीच्या घराजवळ ज्येष्ठ नागरिकांचा हॉल आहे. तिथे सकाळी एका बँकेतर्फे सायबर जनजागृतीचा कार्यक्रम होता. मावशीला सोडायला गेले आणि चहा मिळेल म्हणून थांबले. प्रोजेक्टरवर हुडी घातलेला चोर. (हे चोर नाशकातल्या एप्रिलमध्येही हुडीच का घालतात, देव जाणे.) साहेब चुणचुणीत होते, बोलायलाही छान. म्हणाले, माणूस तीन गोष्टींमुळे फसतो. लोभ, भीती आणि... मग स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारून दाखवली. हॉल खळखळून हसला. "अहो, पहिलीतल्या पोराला कळतं ओटीपी सांगायचा नसतो म्हणून. पण आपले डॉक्टर सांगतात, प्राध्यापक सांगतात, शिक्षकांचं तर विचारूच नका!"

शिक्षिका माझ्या शेजारीच बसली होती. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये अख्खी नोकरी केलेली. पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

मावशीचं काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. तिने नातीसाठी ऑनलाइन ड्रेस मागवला होता. फोन आला, "मॅडम, तुमचं पार्सल आलंय, पण पत्ता अर्धवट आहे. लिंक पाठवतो, पाच रुपये भरा, लगेच दुरुस्त होईल." पार्सल खरंच यायचं होतं. पत्ताही खरंच अर्धवट होता, कारण 'दत्त मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोरची गल्ली' हे त्या रकान्यात मावतच नाही. आणि मागितले किती, तर पाच रुपये. तिने कार्डाचा नंबर टाकला. "मॅडम, पेज अडकलंय. कोड आला असेल, तेवढा वाचून दाखवा." तिने वाचला. पन्नासेक हजार गेले.

आता मला सांगा, यात लोभ कुठे आहे? भीती कुठे आहे? नातीचा ड्रेस आहे.

तो मेसेज माझ्याकडे आहे. किती वेळा बघितला असेन. सुरुवातीलाच सहा आकडे. मग 'इज ओटीपी फॉर टीएक्सएन ऑफ आयएनआर' आणि मग रक्कम. मग कुठल्या तरी कंपनीचं नाव, सगळं कॅपिटलमध्ये, मधली अक्षरं खाल्लेली. मग कार्डाचे शेवटचे चार आकडे. मग वेळ. आणि अगदी शेपटाला 'डू नॉट शेअर'. फोनवर बोलता बोलता हा मेसेज येतो तेव्हा पडद्याच्या वरच्या कडेला त्याची पट्टी उतरते. मावशीने डोळ्यांसाठी अक्षरं मोठी करून घेतलेली आहेत, त्यामुळे त्या पट्टीत मावतं काय, तर सहा आकडे आणि 'इज ओटीपी फॉर'. खाली फोनने स्वतःहून प्रेमाने दिलेलं बटण, कोड कॉपी करा. रक्कम आत दडलेली, इशारा त्याच्याही आत. आणि सगळं इंग्रजीत, तेही तुटक इंग्रजीत, मराठी माध्यमाच्या बाईला, जिच्याकडे केवायसीचा फोटो घ्यायला आलेला माणूससुद्धा मराठी होता.

हो, रक्कम लिहिलेली होती. उघडून वाचायला हवी होती. मान्य. पुढे जाऊ.

कारण माझा मुद्दा हा आहे की मावशीला हे शिकवलं कुणी? तिच्याकडे गॅसचा सिलिंडर येतो तेव्हा खालून आवाज येतो, "काकू, कोड!" आणि मावशी गॅलरीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आकडा ओरडून सांगते. कुरिअरवाल्याला ओटीपी. ॲपवरची रिक्षा सुरू करायला ओटीपी. मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढायला ओटीपी. कॉलेज रोडला साडी घेतली तर बिलाच्या काउंटरवर पॉइंट जमा करायला ओटीपी. प्रत्येक ठिकाणी समोर अनोळखी माणूस, प्रत्येक ठिकाणी तो घाईत, आणि प्रत्येक ठिकाणी आकडा सांगितला की काम होतं, नाही सांगितला की तो तोंड वाकडं करतो. रोज असा सराव करून घ्यायचा, आणि मग कधीतरी हॉलमध्ये बोलावून डोक्यावर टिचकी मारून दाखवायची!

आणि खरी गंमत तर पुढेच. कार्यक्रम संपला, बाहेर टेबलावर बँकेचाच एक पोरगा टॅब घेऊन बसलेला. "काकू, हजेरी लावायचीय. मोबाईल नंबर?" मावशीने सांगितला. "आता ओटीपी आला असेल बघा, तो सांगा."

मी शपथ घेऊन सांगते, हे मी रचलेलं नाही.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी त्या पोराला विचारलं, "आत्ता आत साहेब काय सांगत होते?" तो म्हणाला, "मॅडम, तो वेगळा. हा नुसता रजिस्ट्रेशनचा." मग वेगळा ओळखायचा कसा रे बाबा? दोन्ही एकाच खोक्यात येतात, दोन्ही तसेच सहा आकडे, दोन्हींचा आवाज सारखा. पोरगा ओशाळला. जाऊ दे, त्याला तरी काय बोलणार. संध्याकाळपर्यंत इतके नंबर भरून आण म्हणून कुणीतरी पाठवलेलं असणार.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, नोट प्रेसमधून रिटायर झालेत. नाशिकरोडला प्रेसवाल्यांच्या घरांत वाढलेल्यांना कळेल मी काय म्हणते ते. १९२८ पासून इथे नोटा छापतात, त्यामुळे सुरक्षा म्हणजे काय हे या गावाला कुणी पॉवरपॉइंटवर शिकवायची गरज नाही. काकांनी आम्हाला लहानपणीच नोटेवरून अंगठा फिरवायला शिकवलं होतं. आता पाचशेची नोट घ्या आणि डोळे मिटा. दोन्ही कडांना पाच तिरक्या रेघा बोटाला लागतात. शंभरच्या नोटेला चार. पाचशेची लांबी १५० मिलिमीटर, दोनशेची १४६, शंभरची १४२, म्हणजे दिसत नसलेल्या माणसालाही हातात धरून फरक कळावा. नोट तिरकी केली की धागा हिरव्याचा निळा होतो. कुणीतरी डोकं लावून, न शिकलेला, न दिसणारा, घाईतला माणूस डोळ्यांसमोर धरून हे केलंय. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'सावधान, खोटी नोट घेऊ नका' छापून हात झटकलेले नाहीत.

काकांना मी तो मेसेज दाखवला होता. चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हे प्रूफ आमच्याकडे पहिल्या टेबलावरच रिजेक्ट झालं असतं."

कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगते. खोटी नोट गळ्यात पडली तर बँक ती जप्त करते आणि बदल्यात छदाम देत नाही. खरंय. पण निदान हातात धरून बघायला काहीतरी असतं!

आणि हेही कबूल करते की ओटीपीने आपल्याला वाचवलंय. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला नंबराच्या जोडीला आणखी एक खात्री सक्तीची केली, तेव्हा परदेशातल्या कित्येक साइट नुसत्या कार्ड नंबरावर पैसे उचलत होत्या. ते चांगलंच झालं. पण मग बँकेच्या तिजोरीची किल्ली आणि साडीच्या पॉइंटची किल्ली एकाच साच्यातून काढायची कुणाची आयडिया?

मला राग कशाचा येतो माहितीये? दुरुस्त करता येतं आणि करत नाहीत. पूर्वी बऱ्याच एटीएममधून आधी पैसे यायचे, मग कार्ड. लोक पैसे घेऊन निघायचे, कार्ड मशीनमध्येच. तेव्हा 'विसरू नका हो' म्हणून पाट्या लावत बसले नाहीत, क्रम उलटा केला. आधी कार्ड उचला, मग पैसे. संपलं. यूपीआयचंच बघा. २०१६ ला आलं. त्यात अनोळखी माणूस तुमच्याकडे पैसे 'मागू' शकायचा, आणि चोर सांगायचे की पैसे मिळवायला पिन टाका. किती जाहिराती झाल्या, 'पैसे घेताना पिन लागत नाही' म्हणून! शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाकडे असे पैसे मागायची सोयच बंद केली. इतकी वर्षं लोकांची अक्कल काढत होतात, काढायचं होतं ते बटण.

पासवर्डचं रडगाणं तर वेगळंच. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत बिल बर नावाच्या गृहस्थांनी सूचना लिहिल्या, आणि अख्ख्या जगाने ते डोक्यावर घेतलं: एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, आणि ठरावीक मुदतीने बदला. २०१७ मध्ये त्याच संस्थेने उगाच मुदतीने बदलायला लावू नका म्हणून सांगितलं. बर यांनीही जाहीरपणे म्हटलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. ही बातमी आमच्याकडे पोचायची आहे. मावशीच्या पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड अजून मुदत संपून मरतो, आणि नवा पासवर्ड कालनिर्णयच्या मागे पेन्सिलीने लिहिला जातो. पेन्सिलीने, कारण पुढच्या वेळी खोडायचाय. माणूस गबाळा नाही हो, तुम्ही टाकलेल्या अडथळ्यातून त्याने काढलेली वाट आहे ती.

(चहा पिऊन आले. जरा शांत लिहिते.)

त्या दिवशी पैसे गेले दुपारी. मावशीने मला फोन केला रात्री, जेवणं झाल्यावर. मधल्या वेळात तिने काय केलं, तर भाजी निवडली, काकांना चहा दिला, खिचडी टाकली. काकांनासुद्धा सांगितलं नाही. का नाही सांगितलं असं विचारलं तर म्हणाली, "अगं, लोक हसतील." मग आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली, पण तोपर्यंत पैसे कुठल्या कुठे गेले होते. अशा वेळी पहिले काही तासच काय ते कामाचे असतात, पैसा या खात्यातून त्या खात्यात पळायच्या आत कुठेतरी अडवता आला तर आला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमातही आहे की तुमच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर तुम्ही बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे कळवायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. आणि आज सकाळी त्या हॉलमध्ये शंभरेक म्हाताऱ्यांना काय शिकवून पाठवलं? की फसलात तर आम्ही हसणार. त्यांच्यातला पुढचा जो कुणी फसेल तो कुणाला सांगेल का? तोही खिचडीच टाकेल.

त्याच नियमात निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून दिलंय, ग्राहकाने आपली गोपनीय माहिती सांगणे. बँकेने मावशीला तेवढंच एक वाक्य इंग्रजी ईमेलमध्ये पाठवून विषय मिटवला. त्या मेसेजची भाषा, रक्कम कुठे छापली, इशारा कुठे, हे कुणाच्या निष्काळजीपणात धरायचं, त्यावर अक्षर नाही.

काही चांगलं चाललंय, तेही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिते. बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन' झालेत. मे २०२५ पासून कंपन्यांच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी अक्षर असतं: जाहिरात असेल तर पी, सेवेचा असेल तर एस, व्यवहाराचा असेल तर टी, सरकारी असेल तर जी. उत्तम. फक्त हॉलमध्ये आज यातलं एक अक्षरही कुणी बोललं नाही. हुडीवाल्याची स्लाइड मात्र दोनदा आली.

तर आता कामाचं. बँकेने हात वर केलेत, त्यामुळे मावशीचा अर्ज रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाकायचाय. आधी बँकेकडे तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर तिकडे, फी काही नाही, एवढं मला माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी मराठीतून अर्ज करून निकाल लावून घेतला असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. कागद कुठले जोडले, मेसेजच्या मांडणीबद्दल काही लिहिलं होतं का, हे कळलं तर फार बरं होईल. काका अर्जाला पानभर टिपण जोडणार आहेत, प्रेसच्या सवयीप्रमाणे मुद्दे क्रमांक घालून.

आणि 'काकूंनी काळजी घ्यायला हवी होती' अशी कमेंट करणार असाल तर राहू द्या. ते तिला तिच्या मुलाने, सुनेने, जावयाने, बँकेने, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने आणि आज प्रोजेक्टर लावून सांगून झालेलं आहे.